स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची बदली झाल्यावर

भंडारा-नागपूर महामार्गालगतचे जवाहरनगर आयुध निर्माणीभोवती वाढले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माण्या जुन्या आयुध निर्माणी मंडळाकडून सात सरकारी कंपन्यांकडे गेल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या वाट्याला आली. तेव्हा चर्चा झाली ती कामगारांच्या सेवाशर्तींची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला अशा फेरबदलात आणखी एक गोष्ट दिसते. संस्थेचे नाव बदलले की ईमेलचे पत्ते बदलतात, अहवाल पाठवायचे ठिकाण बदलते, पगारपत्रकाचा नमुना बदलतो. हे जुने पत्ते कुठल्या स्क्रिप्टच्या कितव्या ओळीत बसलेत, हे ठाऊक असलेला माणूस त्याआधीच दुसऱ्या गावी बदलून गेलेला असण्याची शक्यता मोठी.

त्या निर्माणीच्या आतल्या यंत्रणेबद्दल इथे काही म्हणायचे नाही. संरक्षण खात्याच्या कारखान्याबद्दल बाहेरच्याने ते म्हणूही नये. हा आढावा तिच्या आसपासच्या जगाचा आहे. तालुक्याच्या गावचे कॉलेज, नागरी सहकारी बँक, नगरपरिषद, मध्यम आकाराचे रुग्णालय. जिथे ‘आयटी विभाग’ म्हणजे एक माणूस आणि त्याच्या रजेच्या काळात फोन उचलणारा दुसरा. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही खिडकीवर ऐकू येते, आणि त्यामागे बहुतेक वेळा एखादी भरलेली डिस्क, संपलेले प्रमाणपत्र किंवा रात्री न झालेले काम असते. हाताशी ठेवण्याजोग्या स्क्रिप्टचे संग्रह आज उदंड आहेत. त्यांतले काय घ्यावे, याची माझी कसोटी एकच: लिहिणारा निघून गेल्यावर नवख्या माणसाला ती वाचता येते का, आणि काम फसले तर ‘फसले’ असे ती स्वतःहून सांगते का. तिची हुशारी त्यानंतर पाहू.

विदर्भाला हा विषय परका नाही. ‘लेट अस सी’मुळे देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या कपाटात पोचलेले यशवंत कानेटकर नागपूरचे, आणि बीपीबीने काढलेले त्यांचे युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचे पुस्तकही एका पिढीने वापरले आहे. त्या पुस्तकातल्या शेलचे कूळ बेल लॅब्जचे. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून १९७३मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आला, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या तोंडात. १९७९च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल आले. ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’ १९८९चे. एवढी जुनी हत्यारे अजून चालतात, याचे कारण त्यांची गोडी नव्हे. बॅशची भाषा कुणालाही आवडण्यासारखी नाही. पण ती जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर आधीपासून असते, तिला इंटरनेट लागत नाही आणि वीस वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट आजही बहुधा चालते. पायथॉनबद्दल तेवढे म्हणता येत नाही: १ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २चा पाठिंबा संपला, तेव्हा किती कार्यालयांतली किती कामे अडली याची गणती कुणी ठेवली नाही.

बॅकअप हा या प्रकरणाचा गाभा. इथे थोडे थांबू.

बॅकअपची स्क्रिप्ट प्रत्येकाकडे असते. साधारण ती अशी: रात्री डेटाबेसचा डंप काढायचा, फाइलच्या नावात तारीख घालायची, आरसिंकने दुसऱ्या यंत्रावर ढकलायची, जुन्या फाइली उडवायच्या. चारच ओळी, आणि चारही ओळींत खड्डे. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये थेट लिहिलेल्या आज्ञेत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तिथे ओळ तोडतो. तारखेच्या नमुन्यात तर ते चिन्ह हमखास असते, त्यामुळे हाताने चालवलेली आज्ञा चालते आणि रात्री तीच अडखळते. महिन्याचा आकडा घेऊन बेरीज-वजाबाकी करणारी स्क्रिप्ट जुलैपर्यंत सुरळीत चालते आणि ऑगस्ट लागताच बसते; कारण शून्याने सुरू होणारी संख्या बॅश अष्टमान पद्धतीची मानते आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ऑक्टोबरमध्ये ती आपोआप बरी होते, म्हणून दोष शोधायचा राहून जातो. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर ‘रात्री दोन’ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, आणि काम लांबले की ऐन कार्यालयीन वेळेत डिस्क कण्हू लागते. कालचे काम संपण्याआधी आजचे सुरू झाले तर दोन्ही एकाच फाइलवर लिहितात. त्यासाठी ‘एफलॉक’ नावाचे छोटे कुलूप आहे, ते फार थोड्यांनी लावलेले असते.

पण हे सगळे किरकोळ. मोठी गोष्ट ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत दिसली. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबींपैकी साडेचारच उरले तेव्हा त्याच्या लक्षात आले. चूक कुणाच्याही हातून होते. धक्का पुढे होता. रोजचा डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डेटाबेस एका आवृत्तीचा आणि डंप काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे. अपयशाचे ईमेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक स्वाक्षरी नसल्याने टपालव्यवस्था ते नाकारत होती. शेवटी कामी आली ती दुसऱ्याच कारणाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत. कंपनीने हे सारे उघडपणे लिहून जाहीर केले, हे तिचे मोठेपण. आपल्याकडे अशी कागदपत्रे कपाटात जातात.

यातून निघणारा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटेल: बॅकअप फसल्यावर ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट पुरेशी नाही. गप्प राहणे आणि सुरळीत असणे यांत तिला फरक करता येत नाही. त्यापेक्षा काम झाल्यावर रोज एक खूण सोडणारी स्क्रिप्ट बरी, आणि ती खूण चोवीस तासांत दिसली नाही तर ओरडणारे दुसरे यंत्र. तिसरी स्क्रिप्ट तर जवळपास कुणाकडेच नसते: आठवड्यातून एकदा शेवटचा बॅकअप रिकाम्या यंत्रावर खरोखर उघडून, दोन-चार तक्त्यांतल्या ओळी मोजून पाहणारी. माझ्या मते या आढाव्यातून एकच स्क्रिप्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी.

पुसणाऱ्या ओळीबद्दल क्योतो विद्यापीठाचा दाखला द्यावा लागतो. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या महासंगणकावरच्या सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, म्हणजे ७७ टेराबाइट, पुसल्या गेल्या. स्क्रिप्ट पुरवठादाराची होती आणि तिचे काम दहा दिवसांहून जुन्या नोंदी काढण्याचे. ती चालू असतानाच तिच्यावर सुधारलेली आवृत्ती लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट एकदम न वाचता पुढेपुढे वाचत जाते. मध्येच फाइल बदलली, चलांना किमतीच मिळाल्या नाहीत आणि ‘अमुक डिरेक्टरीतले जुने पूस’ या आज्ञेतली अमुक डिरेक्टरी भलतीच ठरली. आधीची आवृत्ती चांगली चालत होती आणि नवी अधिक वाचनीय करायला घेतली होती, हे यातले दुःख. किंमत न मिळालेल्या चलावर थांबण्याचा पर्याय बॅशमध्ये आहे, पाइपमधल्या मधल्या आज्ञेचे अपयश लपू न देण्याचाही आहे. दोन्ही मुळात बंद असतात. स्क्रिप्टच्या डोक्यावर ते चालू करणे आणि स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणाऱ्या ‘शेलचेक’कडून तपासणी करून घेणे, एवढ्याने निम्मे अपघात टळावेत असा माझा अंदाज आहे. पुसण्याऐवजी आधी बाजूच्या फोल्डरात हलवून आठवडाभराने पुसणे ही जुनी कारकुनी सावधगिरी; ती संगणकावरही लागू पडते.

नोंदींचे, म्हणजे लॉगचे, प्रकरण अलीकडे कायद्याचे झाले. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. आता बहुतेक लिनक्स वितरणांत लॉगरोटेटची मूळ रचना पाहा: आठवड्याला एक फाइल, चार फाइली ठेवा, बाकी उडवा. म्हणजे सर्व्हर जसा बसवला तसाच ठेवला तर महिन्याभरात पुरावा साफ. नियमभंग इथे कुणी करत नाही, तो आपोआप होतो. एनआयसीच्या वेळ-सर्व्हरांना ‘समय’ असे सुटसुटीत नाव आहे. ते घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीच्या रचनेत घालायला मिनिटही लागत नाही. पण चाळीस यंत्रांत ते खरोखर घातले आहे का हे तपासणारी स्क्रिप्ट नसेल, तर घटनेनंतर दोन सर्व्हरांच्या नोंदी लावून पाहताना आधी काय आणि नंतर काय हेच ठरत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये हल्ला होऊन चौऱ्याण्णव कोटींच्या आसपास रक्कम गेली. अशा प्रकरणात तपास उभा राहतो तो मिनिटा-सेकंदांच्या नोंदींवर.

डिस्क भरण्याबद्दल एकच सांगतो. नव्वद टक्क्यांवर इशारा देणारी स्क्रिप्ट सगळ्यांकडे असते. मग कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसतो आणि जागा काही मोकळी होत नाही. चालू प्रक्रियेने ती फाइल धरून ठेवलेली असते. इशाऱ्याच्या मजकुरातच ‘पुसलेली पण धरून ठेवलेली फाइल आहे का पाहा’ आणि त्याची आज्ञा लिहून ठेवली की रात्रीचा फोन वाचतो.

वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांनी तर स्वयंचलनाची सक्तीच केली. लेट्स एन्क्रिप्टने २०१५च्या अखेरीस नव्वद दिवसांची फुकट प्रमाणपत्रे सर्वांना खुली केली, तेव्हा कुरकुर झाली. आता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५मध्ये ठरवले की ही मुदत टप्प्याटप्प्याने उतरवायची: १५ मार्च २०२६पासून २००, वर्षभराने १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस. दरवर्षी निविदा काढून प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या कार्यालयाला हे झेपणार नाही. सत्तेचाळीस दिवसांत तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात नाही.

शहरातल्या याद्यांत एक गोष्ट सहसा सापडत नाही. पूर्व विदर्भातला मे महिना, पंचेचाळीसच्या घरातले तापमान आणि दुपारी गेलेली वीज. यूपीएसच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही; कागदावर तीस मिनिटे टिकणारी बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात दहाव्या मिनिटाला मान टाकू शकते. यूपीएसशी बोलणारी ‘नट’ आणि ‘एपीसीयूपीएसडी’ ही साधने फुकट आहेत. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की आधी अॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग यंत्र अशा क्रमाने बंद करायचे. हा क्रम स्क्रिप्टमध्ये हवाच, पण परत सुरू होण्याचा क्रमही हवा. वीज आल्यावर डेटाबेस उठण्याआधी अॅप्लिकेशन उठले तर ते चुका फेकत बसते आणि सकाळी खिडकीवर तेच वाक्य ऐकू येते. ही स्क्रिप्ट भर उन्हाळ्याआधी एकदा खरोखर प्लग ओढून तपासावी. फेब्रुवारी उत्तम.

आणि मराठी मजकूर. जगभरच्या संग्रहांत याला जागा नाही, पण आपल्याकडे कार्यालयांचा बराच वेळ इथे जातो. जुन्या याद्या, ठराव, परिपत्रके कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या डीव्हीबी फाँटांत आहेत. त्या फाइलींत खरे तर रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेतांक असतात. फाँट काढला की गिचमिड उरते. युनिकोडमध्ये आणणाऱ्या स्क्रिप्टला वाटते की हे नुसते अदलाबदलीचे काम, एक तक्ता दिला की झाले. तसे होत नाही. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर असेल तर ते पूर्ण ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफार याच्या उलट: डोळ्यांना शेवटी दिसतो, पण साठवणीत आधी येतो. ‘निर्माणी’सारख्या शब्दात दोन्ही एकत्र आले की अर्ध्या स्क्रिप्ट तोंडघशी पडतात. ही कामे ‘सेड’च्या ओळींनी करू नयेत, इथे पायथॉन हवा, आणि सोबत शंभरेक अवघड शब्दांची चाचणी फाइल.

युनिकोड झाल्यावरही सुटका नाही. ‘दुसऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याच्या ऱला हलन्त देऊन, किंवा साध्या र-हलन्तापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘ग्रेप’ला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘कऱ्हाडे’ आडनाव यादीत समोर दिसत असताना शोधात येत नाही, ते यामुळे. क्रमवारीचेही तसेच. नुसत्या संकेतांकांप्रमाणे लावले तर ळ हा लच्या लगेच मागे बसतो, त्यामुळे जळगाव जवाहरनगरच्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतरचा, म्हणून कोशात उलटे. कुठली क्रमवारी हवी हे आधी ठरवून स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावे. देवनागरी अंक तर शेलच्या गणिताला समजतच नाहीत. आकडेमोडीपूर्वी ते बदलून घेणारी एक ओळ लागते. यांतला प्रत्येक प्रश्न सुटलेला आहे, वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या संगणकावर, वेगवेगळ्या वेळी. या स्क्रिप्ट एकत्र, चाचण्यांसह, खुल्या परवान्याखाली ठेवणे हे विद्यापीठांच्या संगणक विभागांना सहज जमण्याजोगे काम आहे.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या स्वयंचलनाबद्दल भरपूर लिहिले जाते, म्हणून आवरते घेतो. स्टुअर्ट फेल्डमन यांचे १९७६चे ‘मेक’ अजून पुरते. छोट्या चमूला ‘मेक चाचणी’, ‘मेक बॅकअप’, ‘मेक पाठव’ अशा आठ-दहा आज्ञांची एक फाइल असली की नवा माणूस पहिल्याच दिवशी कामाला लागतो. सर्व्हर पाचाहून जास्त झाले की शेलच्या लूपचा मोह आवरून अँसिबलकडे जावे. २०१२पासूनचे हे साधन एसएसएचवरून चालते आणि ‘हे कर’ ऐवजी ‘हे असे असले पाहिजे’ अशा भाषेत लिहून घेते, त्यामुळे दोनदा चालवले तरी बिघडत नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने २०१२मध्ये नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर हाताने चढवला आणि एक राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४६ कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. आठव्या सर्व्हरवर काय आहे, हे विचारणारी स्क्रिप्ट दहा ओळींची झाली असती. कुबरनेटीस वगैरेंच्या वाटेला मात्र तालुक्याच्या गावी जाऊ नये. ते सांभाळणारा माणूस टिकत नाही. पुण्या-बेंगळुरूत त्याला जास्त पगार मिळतो.

बंदिस्त जाळ्यांची गोष्ट निराळी. जिथे बाहेरचे इंटरनेटच नाही, तिथे ‘हे टाइप करा, बाकी आपोआप उतरेल’ छापाच्या स्क्रिप्टचा उपयोग शून्य. अशा ठिकाणी अद्ययावत पॅकेजांचा साठा बाहेर तयार करून, त्याचे हॅश तपासून, नोंद करून आत न्यावा लागतो. ही शिस्त खरे तर उघड्या जाळ्यावरही हवी. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. एसएसएचला अर्धा सेकंद उशीर का होतो, या अँड्रेस फ्रॉइंड यांच्या चिकित्सेतून तो उघडा पडला. तो लपवला होता प्रोग्रॅम बांधण्याच्या स्क्रिप्टमध्ये आणि चाचणीच्या फाइलींत. म्हणजे जिथे कुणी वाचायला जात नाही तिथे.

शिकायला साधने आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. दहा-दहा मिनिटांचे, थोडे कोरडे, पण नीट. त्यांचा भर लूप, अटी, फंक्शने यांवर आहे. स्क्रिप्ट फसल्यावर काय, पासवर्ड स्क्रिप्टमध्ये का लिहू नये, चार्ज देताना क्रॉनची यादी कशी काढून द्यावी, हे मात्र माणूस नोकरीत, स्वतःच्या खर्चाने शिकतो.

हल्ली बहुतेक नव्या स्क्रिप्ट माणूस लिहीतच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत सांगितले तरी ती मिनिटात चाळीस ओळी देते. त्या सुबक असतात, शीर्षटिपा असतात, चुकांची हाताळणीही बरेचदा असते. तक्रार करण्यासारखे त्यात फारसे नाही, फक्त एक: आपल्या यंत्रावर बॅकअपची डिस्क कुठे जोडली आहे हे तिला माहीत नसते आणि ती ते बिनदिक्कत गृहीत धरते. म्हणून अशी स्क्रिप्ट आधी ‘करून दाखवू नको, काय करशील ते छाप’ या पर्यायाने चालवावी, छापलेली यादी दुसऱ्या माणसाला वाचायला द्यावी, आणि पुसणारी ओळ असेल तर तिथला पत्ता स्वतःच्या हाताने टंकावा.